साडेनऊचं गांडूळ

सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या फ्रिजवर ठेवलेला वॉकीटॉकी रोज आपणहून जागा व्हायचा. आधी 'खट्', मग हिरवा दिवा, आणि पुढं काहीच नाही. नुसती मंद गुणगुण. फोन लावावा आणि पलीकडच्यानं उचलून तोंडच उघडू नये, तसं. सात-आठ मिनिटं हे चालायचं, की पुन्हा 'खट्' आणि दिवा बंद. संध्याकाळी सातच्या आसपास तोच प्रकार. एकदा पोळ्या लाटता लाटता ही म्हणाली, "तुमचा पाहुणा आला बघा." तेव्हापासून घरात त्याला पाहुणाच म्हणायला लागले.

२०१९ सालचा एप्रिल होता. मी एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत निदेशक. हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना मिळाल्याला जेमतेम वर्ष झालेलं. नव्यानं मुंज झालेल्या मुलासारखा मी तो संच सगळीकडे मिरवत असे. पुण्यात नारायण पेठेतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो फ्रिजवर ठेवायचा आणि आमच्या हौशी मंडळींच्या रिपीटरवर, म्हणजे सगळ्यांचे सिग्नल झेलून पुढं पाठवणाऱ्या केंद्रावर, लावून ठेवायचा, हा रोजचा परिपाठ. या संचांना स्क्वेल्च म्हणून एक सोय असते. सिग्नल नसेल तर संच तोंड मिटून बसतो, सिग्नल आला की तेवढा वेळ आवाज सोडतो. म्हणजे आमचा संच बोलत होता त्या अर्थी कुणीतरी, कुठूनतरी, खरोखरच काहीतरी पाठवत होतं. आणि बोलत मात्र नव्हतं.

माझा पहिला संशय एका ओळखीच्या सभासदावर होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. खिशातल्या संचाचं बटण बसल्या बसल्या दाबलं जातं, ही आमच्यातली नेहमीची गंमत. पण रोज त्याच वेळी? आणि बटण दाबलं गेलं तर निदान त्याच्या स्कूटरचा आवाज तरी ऐकू यायला हवा.

मे महिन्यात परीक्षा संपवून येणारी माझी भाची त्या वर्षी प्रोजेक्टसाठी आधीच आमच्याकडे राहायला आली होती. सांगलीकडची, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या सॅकमधून अंगठ्याएवढं एक यूएसबी डोंगल निघालं. "मामा, ह्यानं बघू या की."

हे डोंगल मुळात लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनलेलं. आत रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप. टीव्हीचं काम बाजूला ठेवून या चिपमधून रेडिओलहरींचे कच्चे आकडे थेट बाहेर काढता येतात, हे २०१२ च्या सुमारास फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या ध्यानात आलं. मग ओस्मोकॉम या गटातल्या मंडळींनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि स्वस्तातलं टीव्ही डोंगल हौशी लोकांच्या हातातलं मोजमापाचं यंत्र झालं. आमच्या प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली विभागप्रमुखांकडे असते. त्यामुळे भाचीचं डोंगल जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी बिनदिक्कत पडलेलं बघून मला जरा हेवाच वाटला.

साधा रेडिओ म्हणजे दाराच्या फटीतून रस्ता बघणं. समोरून जो जाईल तेवढाच दिसतो. हे डोंगल म्हणजे गॅलरीत उभं राहणं. एका वेळी दोन-सव्वादोन मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा पडद्यावर येतो. डावीउजवीकडे वारंवारिता, वरून खाली सरकणारा वेळ, आणि जोर जितका जास्त तितका रंग भडक. याला वॉटरफॉल म्हणतात. मी धबधबा म्हणालो तर भाची हसली.

पहिल्या रात्री आम्ही चार 'रहस्यमय सिग्नल' शोधले, आणि चारही आमचेच निघाले. पडद्याच्या बरोबर मधोमध एक टोकदार रेघ होती. कुठंही ट्यून केलं तरी ती मधोमधच. ती अशा स्वस्त रिसीव्हरची जन्मखूण. मग १४४ मेगाहर्ट्झवर सुईसारखी एक ठाम रेघ. डोंगलच्या आतला स्फटिक २८.८ मेगाहर्ट्झचा, त्याची पाचपट म्हणजे नेमके १४४. स्वतःच्याच काळजाचे ठोके ऐकून दचकावं तसं झालं. पुढं नको तिथं विविध भारतीची गाणी लागली. तीही खरी नव्हेत. डोंगलमधलं आकडे करणारं यंत्र आठ बिटांचं, जवळच्या एफएम केंद्रांच्या जोरानं ते बावचळतं आणि पडद्यावर भुतं दाखवतं. गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, कमी केला की भुतं पळतात. चौथी रेघ अँटेना काढल्यावरही तशीच राहिली, म्हणजे तीही आतलीच. आपलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे वेगळं करण्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघं चहा घेऊन पडद्यासमोर बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी पडद्याच्या उजव्या कडेनं ते आत आलं. रेघ नव्हतीच ती. जाडसर, कडा पिंजारलेली, किंचित वळवळत डावीकडे सरकणारी पट्टी. "गांडूळ!" भाची म्हणाली. आमच्या डोळ्यांदेखत ते इंचाइंचानं सरकत साडेनऊला रिपीटरच्या वारंवारितेवर आलं, आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर 'खट्' झालं. ते पुढं सरकत गेलं तसा संच गप्प झाला. गांडूळ मात्र डावीकडे जातच राहिलं.

पाहुणा येत नव्हता, तो आमच्या दारावरून चालत जात होता. सकाळी एकदा जाताना, संध्याकाळी एकदा परतताना. मी महिनाभर फटीतून बघत होतो म्हणून तो मला दिवसातून दोनदाच भेटला.

मग दिवसभराची नोंद घ्यायचं ठरलं. आरटीएल-पॉवर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ठरवलेला पट्टा पुन्हा पुन्हा झाडून काढतो आणि कुठं किती जोर होता ते लिहून ठेवतो. चोवीस तासांचे आकडे जमले की त्यांचं एकच चित्र करता येतं. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी जे चित्र निघालं ते कढईसारखं होतं. पहाटे सहाला गांडूळ सगळ्यात वर, १४६.६ मेगाहर्ट्झच्या जवळ. ऊन चढेल तसं खाली. दुपारी तीनच्या सुमारास तळाला, १४३.७ च्या आसपास. संध्याकाळी पुन्हा वर. रात्रभर जवळजवळ सरळ.

भाचीनं चित्र उलटं केलं. "मामा, हे तापमान आहे."

पुण्यात तापमान म्हणजे सिमला ऑफिस. हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून १९२८ साली शिवाजीनगरला आलं, तरी पुणेकरांनी त्याचं नाव काही बदललं नाही. पेपरातले तिथले कमाल-किमान आकडे मी वहीत उतरवू लागलो आणि शेजारी गांडुळाचा त्या दिवशीचा तळ लिहू लागलो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुणं भाजून निघालं, पारा त्रेचाळीसच्या घरात गेला. त्या दिवसांत गांडूळ आजवरच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उतरलं. एक दिवस ढगाळ होता तर ते दुपारीही रेंगाळतच खाली आलं आणि संच साडेनऊऐवजी पावणेअकराला 'खट्' झाला.

यातून पुष्कळ गोष्टी कळल्या. खऱ्या प्रक्षेपकात वारंवारिता स्फटिकानं बांधलेली असते. उन्हानं तो असा तीन-तीन मेगाहर्ट्झ घसरत नाही. घसरतं ते कॉइल, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर यांचं मोकळं सर्किट. गरम झालं की त्यातली धारिता थोडी वाढते आणि वारंवारिता उतरते. म्हणजे आपण प्रक्षेपण करतोय हे ज्याच्या गावीही नाही, असं काहीतरी ते होतं. ते उघड्यावर, उन्हात होतं. आणि पट्टीत खोल शिरून बघितलं तर तिच्या दोन्ही अंगांना १०० हर्ट्झच्या अंतरानं बारीक फांद्या दिसत होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची, ती डायोडमधून गेली की गुणगुण शंभराची होते. वॉकीटॉकीतली ती मंद गुणगुण हीच. म्हणजे बॅटरीवरचं खेळणं नव्हे, घरच्या विजेवर चालणारी आणि बहुधा कपॅसिटर वाळून गेलेली एखादी वस्तू.

असलं कोडं घड्याळाच्या मदतीनं सुटतं, हे खरं तर मीच मुलांना सांगत असतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास विज्ञान दिनाला मी मुलांना घेऊन नारायणगावजवळ खोडदला जातो. तिथली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. अवकाशातून येणारे अतिक्षीण सिग्नल टिपायचे तर माणसांचा गोंगाट कमी हवा, म्हणून तर ती जागा निवडलेली. तिथं जाताना बसमध्ये मी मुलांना कार्ल जान्स्कीची गोष्ट सांगतो. १९३२ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या होल्मडेलला बेल कंपनीच्या या तरुण इंजिनिअरला काम होतं ते समुद्रापलीकडच्या टेलिफोनमध्ये खरखर कशानं येते ते शोधायचं. त्यानं जुन्या फोर्ड गाडीच्या चाकांवर फिरणारी मोठी अँटेना उभारली आणि २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकत बसला. विजांचा कडकडाट ओळखू आला, पण एक बारीक सुस्कारा उरला. तो रोज एकदा वाढायचा आणि रोज चार मिनिटं लवकर यायचा. सूर्याचा दिवस चोवीस तासांचा, ताऱ्यांचा तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा. त्या चार मिनिटांनीच त्याला सांगितलं की हा आवाज पृथ्वीवरचा नाही, सूर्याचाही नाही. तो आकाशगंगेतून, धनू राशीच्या दिशेनं येतोय. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीची. तिथं वर्षानुवर्षं मधूनच चमकणारे विचित्र सिग्नल येत, आणि येत ते कचेरीच्या वेळातच. २०१५ मध्ये कारण सापडलं: घंटी वाजायच्या आत मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडणारी माणसं.

दोन्ही गोष्टी मी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की मुलं पुढचं वाक्य आधीच म्हणतात. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र घड्याळ सोडून मी अँटेनेच्या मागे लागलो.

झालं असं. बोहरी आळीतून पीव्हीसीचा पाइप आणि पोलादी मोजपट्टी आणली, तपकीर गल्लीतून दोन मीटर केबल. मोजपट्टीचे तुकडे पाइपावर बसवून तीन दांड्यांचा यागी अँटेना केला. हौशी लोकांचा हा आवडता जुगाड. हलका, गुंडाळता येणारा, आणि ज्या दिशेला तोंड कराल तिकडचंच चांगलं ऐकणारा. गच्चीवर उभं राहून फिरवला तर सगळ्यात जोरात सिग्नल आला पश्चिमेकडून. आणि पश्चिमेला काय, तर सात मजली इमारत, डोक्यावर जाहिरातीचा भलामोठा एलईडी फलक. उघड्यावर, उन्हात, विजेवर चालणारा. असल्या फलकांचा रेडिओला होणारा उपद्रव आमच्या मंडळींत प्रसिद्धच आहे. मला गुन्हेगार सापडला होता.

भाचीनं दोन शंका काढल्या. फलक रात्री अकराला बंद होतो, गांडूळ रात्रभर असतं. मी म्हणालो, चित्र बंद होत असेल, आतला वीजपुरवठा चालूच राहत असेल. दुसरी शंका अशी की एवढा मोठा फलक एकच गांडूळ कसं काढील, तो तर सगळा पट्टा घाण करील. यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी वडीलकीचं असणार.

त्यात गुरुवार आला. पुण्यात देखभालीसाठी वीज जायची ती गुरुवारी, हे इथं वेगळं सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर, आम्ही पडद्यासमोर. दहाला वीज गेली आणि एक मोठी गंमत झाली. घरच्या रेडिओवर मध्यमलहरींत एरवी नुसता कर्कश धुरळा असतो. त्याच्या आड लपलेलं मुंबईचं ५५८ किलोहर्ट्झचं केंद्र स्वच्छ ऐकू येऊ लागलं. टीव्हीच्या खोक्याचा अडॅप्टर, हॉलमधले दोन एलईडी दिवे, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, सगळे एका झटक्यात गप्प. त्या शांततेत मी दहा मिनिटं शेतीविषयक कार्यक्रम ऐकला, ज्यात मला काडीचाही रस नव्हता. पण गांडूळ? ते जिथल्या तिथं, डावीकडे सरकत होतं. खिडकीतून बघितलं तर गल्लीच्या पलीकडे वीज होती. सात मजलीवरचा फलक एका सोन्याच्या दुकानाची जाहिरात दाखवत झळाळत होता.

मी त्याच संध्याकाळी त्या इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेलो. वही, चित्रं, आलेख सगळं घेऊन. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला याचा त्रास काय होतो?" सकाळी सात-आठ मिनिटं माझा वॉकीटॉकी गुणगुणतो, असं मी सांगितलं. उत्तर देता देताच ते किती हास्यास्पद आहे हे मला कळलं. ते म्हणाले, "आणि संध्याकाळी?" मी म्हणालो, संध्याकाळीपण. त्यांनी पाणी विचारलं नाही.

अधिकृत वाट होती. केंद्र सरकारची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन अशा तक्रारींसाठीच असते. पण तिथं लिहायचं तर कुणाविरुद्ध? 'गांडूळ' असं तर लिहिता येत नाही.

पुढचा धागा गच्चीवरच मिळाला, आणि तो माझ्या हातून नाही मिळाला. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. हिनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. मी यागी घेऊन पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून उभा होतो. ही म्हणाली, "पावणेसहा व्हायला आले, उचलायला हात लावा. त्या मेल्या सात मजलीची सावली आली की संपलं." मी विचारलं, "रोज पावणेसहालाच येते?" "रोज म्हणजे रोजच. आता दिवस मोठा होईल तसा एखाद-दोन मिनिटांचा फरक."

मी कुरडया तशाच टाकून खाली पळालो. त्याबद्दल पुढं बरंच ऐकावं लागलं.

आमच्या रोजच्या कढईला उजव्या अंगाला एक पोचा होता. दुपारी चार वाजून दहाच्या आसपास गांडूळ एकदम वर उसळी घ्यायचं. दहा मिनिटांत जवळजवळ ३०० किलोहर्ट्झ, मग पुन्हा सावकाश. रोजच्या चित्रात तो पोचा होता, आणि मोजमापातला दोष समजून आम्ही तो रोज सोडून देत होतो. ढगाळ दिवसाच्या चित्रात तो नव्हता. पंधरा दिवसांची चित्रं एकाखाली एक लावली तर पोचा थोडाथोडा सरकत होता. सूर्य सरकतो तसा.

त्या वस्तूवर चार वाजून दहा मिनिटांनी सावली पडत होती.

आता फलक सुटला. तो सात मजलीच्या डोक्यावर, त्याच्यावर सावली टाकणारं आसपास काही नाही. उलट सावली टाकत होता तोच. यागी दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. आमची गच्ची आणि सात मजली यांच्या मध्ये, त्याच ओळीत, खाली काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना आम्ही दोघं गच्चीच्या पश्चिम कठड्याशी उभे राहिलो. खाली जुन्या वाड्यांचे पत्रे, एका छापखान्याचं गोदाम, मध्ये अशोकाचं झाड. सात मजलीच्या सावलीची कड पत्र्यांवरून आमच्याकडे सरकत येत होती. इतके दिवस मी आकाशाकडे तोंड करून उभा होतो, खाली वाकून बघितलंच नव्हतं. भाचीच्या हातात फोन होता आणि फोनवर घरच्या लॅपटॉपचा पडदा. चार वाजून नऊ मिनिटांनी कड गोदाम ओलांडून वाड्याच्या पत्र्यावर चढली. तिथं पाण्याची काळी टाकी होती. टाकीच्या आडून एक गंजलेला पाइप वर आलेला, आणि पाइपावर तीन-चार दांड्या उरलेली टीव्हीची जुनी अँटेना, सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून. अँटेनेच्या खाली हाताच्या पंजाएवढी एक डबी. सावली टाकीवर आली, मग पाइपावर, मग डबीवर.

"उचललं," भाची म्हणाली. गांडूळ वर निघालं होतं.

डबी म्हणजे बूस्टर. केबल यायच्या आधीच्या काळात पुण्यात घराघरावर असायचा. अँटेनेपाशीच सिग्नल वाढवायचा, म्हणजे खाली टीव्हीपर्यंत येताना तो मरत नाही. वीज खालून, त्याच केबलमधून जाते. असा अ‍ॅम्प्लिफायर जुना झाला, केबल सडली, बाहेर पडणारं थोडं पुन्हा आत शिरायला लागलं, की तो दुसऱ्याचं वाढवायचं सोडून स्वतःच गायला लागतो. आणि वर अँटेना लावलेलीच असते. माईक स्पीकरसमोर धरला की किंकाळी फुटते ना, तसं. फक्त ही किंकाळी कानाला ऐकू येत नाही.

वाड्यात भाची एकटीच गेली. "मामा, तुम्ही आलात तर वही काढाल." मी घरी पडद्यासमोर, फोन कानाला. तिथं राहणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. "महापालिकेकडून का गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न मला फोनवरून ऐकू आला. मग चहा. मग त्यांची नात कुठं असते ते. मग विषय. टीव्हीला केबल येऊन पंधरा वर्षं झाली होती. पण टीव्हीच्या फळीमागच्या बोर्डावर एक काळा अडॅप्टर होता आणि त्याचा लाल दिवा चालू होता.

"आमच्या ह्यांनी सांगून ठेवलेलं," आजी म्हणाल्या, "त्या लाल दिव्याला हात लावायचा नाही, बातम्या जातात. म्हणून कुणी लावत नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली."

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, बातम्या लावून ठेवा आणि मग बंद करा. गेल्या तर लगेच पुन्हा चालू करू."

बातम्या लागल्या. मला निवेदकाचा आवाज ऐकू येत होता. मग बटणाचा आवाज. पडद्यावर गांडूळ अर्ध्यातच तुटलं, कात्रीनं कापल्यासारखं. निवेदक बोलतच होता. मी फोनवर ओरडलो, "पुन्हा लावा!" पुन्हा लावलं. ते आलं, आधी जरा वरच्या बाजूला, मग मिनिटा-दोन मिनिटांत गरम होत आपल्या जागी उतरलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्यांदा आजींनी विचारलं, "हा कोण ओरडतोय फोनमध्ये?"

अडॅप्टर आजींनी स्वतः काढला, वायर गुंडाळून रबर लावून दिला. खालच्या पोरानं पत्र्यावर चढून अँटेना आणि बूस्टर उतरवला. पाइप मात्र आजींनी काढू दिला नाही. दोरी बांधायला उपयोगी पडतो म्हणाल्या.

सात मजलीच्या सेक्रेटरींकडेही जाऊन आलो. फलकाचा दोष नव्हता, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी द्या." दिलं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून डबी उघडली. झाकणाचं रबर विरलेलं, आत मुंग्यांची माती, केबलची जाळी हिरवी पडून अर्धी तुटलेली. अडॅप्टर लावला, शेजारी डोंगलला बोटभर तार. पडदा कोरा. मागंपुढं सगळा पट्टा चाळला, तरी काही नाही. पत्र्यावर वर्षानुवर्षं गाणारी वस्तू टेबलावर गप्प. मी म्हणालो, "आपलं काहीतरी चुकतंय." भाचीनं अँटेनेच्या उरलेल्या दांडीला ती सडकी केबल पुन्हा जोडली, होती तशीच, अर्ध्या जाळीची, आणि डबीच्या तोंडाला लावली. पडद्यावर पिंजारलेल्या कडांची पट्टी उमटली.

भाची डबीवर वाकली, चष्म्याच्या काचेवर सोडतो तसा तोंड उघडून एक ऊन श्वास सोडला. गांडूळ हळूच डावीकडे वाकलं.